औटकीचा डाव

बसगोंडाअण्णा एका टोकनवर आठ महिने गेम खेळले. ही अतिशयोक्ती नाही. दुकान माझं आहे.

चौथीत शाळा सुटली, रसवंतीवर ग्लास धुतले आणि स्वतःच्या हिमतीवर उचगावच्या रस्त्याला पाच मशीनचं गेमचं दुकान उभं केलं. त्यातलं एक मशीन गणिताचं. पडद्यावर वरून गणितं पडतात, जमिनीला टेकायच्या आत उत्तराचं बटण दाबायचं. बरोबर आलं की ‘टुंग’ वाजतं. घासाघीस करून निम्म्या भावात आणलं, पण गिऱ्हाईक फिरकेना. म्हणून पाटी लावली : ‘जो सगळ्यात जास्त गुणांचा नंबर मोडेल त्याला पुढचा डाव फुकट.’

आयुष्यात घाट्याचा सौदा केला तो हा एकच.

दुसऱ्याच दिवशी अण्णा आले. कागलच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेले टर्नर. पांढरी टोपी, भर उन्हाळ्यात कानाला मफलर. पाटी दोनदा वाचली, टोकन घेतलं आणि नंबर मोडला. एका गुणानं. दुसऱ्या दिवशी स्वतःचाच नंबर मोडला. पुन्हा एकाच गुणानं. तिसऱ्या दिवशीही तेच.

“अण्णा, ही लूट हाय!”

“पाटी तुमचीच हाय की, पावणं!”

माझ्याच शब्दात मला कुणी असं धरलं नव्हतं. रोज ठरवायचो, आज पाटी काढायचीच. पण अण्णा खेळायला लागले की राग कुठल्या कुठं जायचा. मशीनवर पाढा निवडता येतो, अण्णा रोज साडेतीनचाच निवडायचे. साडेतीन गुणिले सात, साडेतीन गुणिले तेरा, गारांसारखी गणितं पडायची. भाव करताना माझे आकडे ओठावर असतात, पण माझं एक होईपर्यंत अण्णांची तीन फुटलेली असायची. तोंडानं पुटपुट चालू : “सात औटं साडेचोवीस.” औटकी! साडेतीनचा पाढा! तो आमच्या आजोबांबरोबरच गेला, असं मी समजत होतो. मधूनच एखादं गणित जमिनीपासून बोटभर उरेपर्यंत अण्णा नुसते उभे राहायचे. मागं बघायला जमलेली पोरं पुढं सरकायची. मग टुंग! मला वाटायचं, म्हातारा भाव खातोय.

परवा मफलर जरा सरकला आणि कानात वायर दिसली.

माझं डोकंच फिरलं. “कॉपी करताय व्हय? आठ महिनं?” म्हणत मी वायर हिसकली. खिशातला फोन बाहेर आला, पडद्यावरची गणितं धडाधड जमिनीवर पडली आणि डाव संपला. फोनमधून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, “पुढचं सांग की!”

अण्णा खाली बसले. “आमची अक्का हाय. थोरली भैन. निपाणीकडं भाचीजवळ असती.”

“मग गणितं तिला कशाला इचारताय?”

“शाळंच्या भिंतीमागं म्हसरं राखत तिनं ऐकून पाढं पाठ केलं, मग मला शिकीवलं. आता सगळं इसारली. मला बी वळखत न्हाय. पण औटकी इचारली की बोलती. तिचा आवाज आल्याबगार मी बटण दाबत न्हाय.”

“आणि रोज एकच गुण?”

“कालच्यापेक्षा एक जादा आला, की अक्का अजून हाय म्हणायचं.” त्यांनी काळ्या पडद्याकडं बघितलं. “आज नंबर मोडायला दोनच गुण राहिलं हुतं.”

“कोण हाय का तिकडं?” फोनमधून अक्का म्हणाली.

मी फोन उचलला. “अकरा औटं?”

“साडेअडतीस.” एवढं बोलून ती थांबली. ती टुंगची वाट बघत होती. मशीन गप्प. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी मी म्हणालो, “टुंग.”

फोनमधून खुदकन हसू आलं.

“बारा औटं?”

आता मात्र आवाज येईना. अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं. उत्तर माझ्या ओठावर होतं. मी दात आवळून गप्प राहिलो.

“बेचाळीस!”

“टुंग!” या वेळी आम्ही दोघंही ओरडलो.

अण्णा टोपी झटकत उठले आणि खिशात टोकनाचे पैसे चाचपू लागले.

“ठेवा ते,” मी म्हणालो. “नंबर मोडलाय. पाटी माझीच हाय की.”