दुसऱ्यांदा आलेला निरोप

मोघेंना सकाळी एकदा नमस्कार केला की तो दिवसभराचा झाला. दुपारी जिन्यात भेटून पुन्हा हात जोडलेत, तर ते चष्म्यावरून बघतात आणि शांतपणे म्हणतात, "पोचलाय आधीच." राग नसतो, थट्टाही नसते. जे एकदा पोचलं ते दुसऱ्यांदा घ्यायचं नाही, एवढंच.

शहराबाहेर राऊ गावात माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. एका टेम्पोवर सुरू केला, तोही घासाघीस करून घेतलेला. आता व्यापाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून गाड्यांच्या ऑर्डरी थेट आमच्या कॉम्प्युटरवर येतात. ती यंत्रणा शहरात तुकोगंजमधल्या एका कंपनीने बसवली. मोघे त्या कंपनीत आहेत, आणि यंत्रणेच्या दारावर तेच पहारा देतात. म्हणजे त्यांचा प्रोग्राम देतो. येणाऱ्या प्रत्येक निरोपाला नंबर हवा, तो नीट घडलेला हवा आणि पूर्वी दुसऱ्या कुठल्या निरोपावर न आलेला हवा. नाहीतर निरोप परत.

हा नंबर म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची लांबलचक माळ. ती बघून माझं डोकं गरगरतं. मोघे मात्र माणसांचे चेहरे ओळखावेत तशी ती ओळखतात. एकदा त्यांनी माझ्यासमोर पडद्यावर नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, "हा बनावट. यात 'जी' आहे. आमच्याकडे एफच्या पुढे अक्षरंच नसतात." खोट्या नोटा, खोटी वजनं ओळखत मी मोठा झालो, पण असा डोळा पाहिला नव्हता.

एके दिवशी इंटरनेट सारखं जात-येत होतं. पोचपावती मिळेना म्हणून व्यापाऱ्यांचे कॉम्प्युटर तीच ऑर्डर पुन्हा पुन्हा पाठवत होते. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या दोन-दोन गाड्या एकाच मालासाठी जाऊन उभ्या राहिल्या. माझी एकही फुकट हलली नाही. तोच नंबर, तोच मजकूर दिसला की मोघेंचा प्रोग्राम नवी गाडी काढत नव्हता, पहिलंच उत्तर परत देत होता. मी दिवसभर त्या पडद्यासमोर देवळात उभं राहावं तसा उभा होतो.

तरी माझं त्यांच्याशी भांडण आहे. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे औषधांचा व्यापार करणारे एक शेठजी. त्यांच्या जुन्या प्रोग्रामचे नंबर दिसायला ठीक, पण ते रोज सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. नंबर कालचा, माल आजचा. मोघे सगळ्या ऑर्डरी परत पाठवतात. शेठजींनी मला बजावलं, "समझा दो अपने मोघेजी को," सोमवारपर्यंत जमलं नाही तर दुसरा ट्रान्सपोर्ट बघतो म्हणाले.

मी मोघेंच्या ऑफिसात जाऊन भाव केला. रोजचे दहा जुने नंबर चालवून घ्या. नाही. बरं, पाच. नाही. मग माझा आवाज चढला. मोघे म्हणाले, "अहो भिया, आज मी डोळे मिटले, तर उद्या एका दवाखान्यात इंजेक्शनं दोनदा जातील आणि दुसरा वाट बघत बसेल." मी पुन्हा तेच मागितलं. "याचं उत्तर दिलंय," ते म्हणाले, आणि खरोखरच पुढे बोलले नाहीत.

म्हणून रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन धडकलो. खुर्चीत त्यांचे वडील, नाना, बसले होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पायात बूट. नाना कापडाच्या मिलमध्ये होते. पाळीचा भोंगा वाजला की कामाला निघायचे. ती मिल बंद पडून जमाना झाला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी विचारलं, "भोंगा झाला का रे?"

"अजून नाही, नाना. वेळ आहे," मोघे म्हणाले.

मी शेठजींचं सुरू केलं. नानांनी पुन्हा विचारलं. मोघे पुन्हा त्यांच्याकडे वळले, आज जरा उशीर दिसतोय म्हणाले. पुन्हा तोच प्रश्न. झाला की मीच सांगतो ना तुम्हाला, म्हणाले. आवाजात कंटाळा नाही, जसं काही कोणी नवीनच विचारलंय.

माझा ताबा सुटला. "आमचं दुबार चालत नाही, आणि यांचं चालतं?"

मोघे चष्मा पुसत राहिले. "ते दुबार नाही हो. त्यांच्यासाठी दर वेळी पहिलीच वेळ असते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकदा मी खरं सांगितलं, मिल बंद झाली म्हणून. खूप रडले. थोड्या वेळाने परत विचारलं, मी परत खरं सांगितलं. तेव्हाही तितकेच रडले. मग नाही सांगितलं."

हा माणूस हट्टाने नाही, समोरच्याचं काय होईल ते बघून हो-नाही म्हणत होता. मी तिथूनच शेठजींना फोन लावला. म्हटलं, नंबर तुम्हालाच बदलावे लागतील. ते तापले, मी त्यांच्याहून जास्त तापलो. शेवटी म्हणाले, बरं, आमच्या प्रोग्रामरशी बोलू दे तुमच्या माणसाला. मोघे माझा फोन घेऊन गॅलरीत गेले.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "भोंगा झाला का?"

"नाही झाला," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, बुटाची नाडी चाचपली आणि पुन्हा विचारलं. गॅलरीत मोघे नंबर कसा घडवायचा ते सावकाश समजावत होते, त्यांना बराच वेळ लागणार होता. मी माझी खुर्ची नानांच्या जवळ ओढली.

"नाही, नाना. बसा आरामात. वेळ आहे अजून."