हिलमी मास्तरांची करणी

सौसनच्या लग्नाची बोलणी 'फ्रिज कुणी आणायचा' या मुद्द्यापर्यंत आली आणि नेमका तेव्हाच तिच्या होणाऱ्या सासूच्या, हज्जा इन्साफच्या, घरातला जुना फ्रिज बोलायला लागला.

आधी तो नुसता घुरघुरला. मग त्याला दोनदा ढास लागली, मग आतून काहीतरी बारीक किणकिणायला लागलं आणि थांबायचं नाव घेईना. खोलीतल्या कुणालाच त्याचं काही नव्हतं. सौसनचे थोरले भाऊ हिलमी मास्तर मात्र बसल्या जागी चुळबुळायला लागले. एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर रेलले, चहाचा पेला उचलला, तसाच ठेवला. शेवटी बहिणीच्या कानाला लागून म्हणाले, "एखादा कागद आहे का गं?"

सौसनने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण मास्तर गप्प बसत नाहीत हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिने पर्समधून औषधाच्या दुकानातली कागदी पिशवी काढून दिली. मास्तरांनी ती फाडली, खिशातलं लाल पेन काढलं आणि टेबलाखाली गुडघ्यावर ठेवून भराभरा लिहायला सुरुवात केली.

हिलमी मास्तर अलेक्झांड्रियातल्या एका मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायचे. पन्नाशीला आलेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. सिगारेटचंही व्यसन नाही. पण कुठलाही चमत्कारिक आवाज कानावर पडला की तो कागदावर उतरवल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. शब्दांत नव्हे बरं का. उजवीकडून डावीकडे ओळीच्या ओळी धावायच्या, त्यात गाठी, शेपट्या, ठिपके. लांबून बघावं तर पानभर मजकूर. जवळ जाऊन बघावं तर एक अक्षर ओळखू येईल तर शपथ. त्यांची युस्रा नावाची एक मैत्रीण होती. ती ट्रामचे ब्रेक, गंजलेली शटरं, पाण्याचे पंप असले आवाज गोळा करून यंत्रांतून वाजवायची आणि त्याला संगीत म्हणायची. ती वाजवायची, हे लिहायचे. शहरातली मोजकी माणसं ते बघायला यायची आणि फार गंभीर चेहऱ्याने घरी जायची.

तर मास्तर लिहीत होते, तेवढ्यात हज्जाची नजर टेबलाखाली वळली. मास्तर दचकले. कागदाची बारीक घडी केली आणि सोफ्याच्या उशीखाली सरकवून दिली. मग फ्रिज नवरीने आणायचा असं ठरलं, सगळ्यांनी रव्याचा गोड बासबुसा खाल्ला आणि मंडळी घरी आली. कागद मास्तर साफ विसरले.

तो हज्जाला मिळाला. शुक्रवारी उशा झटकताना.

आता तुम्हीच सांगा, त्या बाईने काय समजावं? भावी सुनेचं माहेर येऊन बसून गेलेलं. त्याच सोफ्यात बारीक घडी केलेला कागद. लाल शाई. आत कुणाच्या बापाला वाचता येणार नाही असली लिपी. आणि घडीच्या मधोमध, पिशवीच्या डिंकाला चिकटलेला, सौसनचा लांबसडक केस. तो पर्समधून आला होता, पण तशी शंका घ्यायला हज्जा रिकामी नव्हती. तिने उतारा म्हणून कागद मिठात ठेवला आणि सौसनला फोन केला.

"दादा," सौसन फोन ठेवून म्हणाली, "आपण तिच्या मुलावर करणी केली म्हणते. लग्न मोडलं."

तिचा आवाज शांत होता, म्हणून मास्तरांना जास्त भीती वाटली. सौसन अडतिशीला आली होती. आईवडील गेल्यावर या भावाचं खाणंपिणं, इस्त्री, त्याने भिंतीवर केलेली रेघाटणी, सगळं तिने काढलं होतं. आलेली स्थळं 'दादाचं कोण बघेल' म्हणून परत गेली होती. हज्जाच्या या मुलाला, रिफअतला, तिने स्वतः पसंत केलं होतं. तो गोदीत इंजिनं दुरुस्त करायचा, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली तीन तिच्याशी. महिनाभर ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. हे लग्न माझ्यापायी मोडलं तर या पोरीला तोंड कसं दाखवू, या विचाराने मास्तरांनी येरझारा घालून घालून गालिचा एका बाजूला सरकवला.

दुसऱ्याच दिवशी ते आपल्या लिखाणाचा भला मोठा गठ्ठा काखेत मारून हज्जाकडे गेले. असले शेकडो कागद आपण रोज करतो हे दाखवलं की गैरसमज दूर होईल, असा त्यांचा साधा हिशोब. हज्जाने दार उघडलं, गठ्ठा बघितला आणि मागच्या मागे जाऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

"हज्जा, याला काही अर्थच नाहीये," मास्तर दारातूनच म्हणाले.

"मग लिहिलं कशाला?"

"आवाज ऐकू आला म्हणून."

"कुणाचा?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. "तुमच्या फ्रिजचा," ते म्हणाले.

हज्जा उठली आणि फ्रिजची वायर भिंतीतून उपटून काढली. त्यात थोरली सून नवालने भरून ठेवलेली वांगी होती. ती उन्हाळ्याचे दिवस असल्याने दुसऱ्या दिवसापर्यंत आंबली, त्यावरून सासूसुनेची जुंपली, आणि घरात भांडण लागलं याचंही खापर मास्तरांच्याच डोक्यावर फुटलं. शिवाय हज्जाकडे मुलाविषयीचे पुरावेही होते. रिफअत चहात मीठ घालतो. भिंतीकडे बघून हसतो. आणि परवा तर त्याने विचारलं, 'आई, तुझं काय म्हणणं आहे?' असं त्याने जन्मात कधी विचारलं नव्हतं. रिफअतने आईला सांगितलं, की करणी असो नाहीतर काहीही असो, मी लग्न तिच्याशीच करणार. हज्जा म्हणाली, बघा, हेच ते.

मग मास्तरांनी मोहल्ल्यातल्या शेखसाहेबांना मध्ये घातलं. शेखसाहेब समंजस माणूस. करणीबिरणीच्या धंद्याचा त्यांना तिटकारा. त्यांनी तो खारट झालेला कागद चष्मा लावून बघितला, उलटा धरून बघितला, उजेडात नेऊन बघितला.

"यात काही लिहिलेलं नाही, हज्जा," ते म्हणाले.

"लिहिलेलं नाही, की तुम्हाला वाचता येत नाही?"

शेखसाहेब प्रामाणिक होते. चष्मा काढून म्हणाले, "वाचता येत नाही."

झालं. ज्यांना सगळी विद्या वाचता येते त्यांनाही जे वाचता येत नाही ते कसलं लिहिणं असणार, हे हज्जाने दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला सांगितलं. मास्तरांची झोप उडाली. शाळेत त्यांनी नाईल नदी उलटी वाहवली आणि पोरांनी ती मुकाट्याने वहीत उतरवून घेतली.

शेवटी त्यांनी ठरवलं की हज्जाला हे सगळं डोळ्यांनीच दाखवायचं. गुरुवारी संध्याकाळी बंदराजवळच्या कापसाच्या जुन्या गोदामात युस्राचा कार्यक्रम होता. सौसन म्हणाली, "दादा, पाया पडते, ते नको." पण मास्तरांना वाटलं, चारचौघांत, दिव्याच्या उजेडात, खुर्च्यांवर बसून माणसं बघतायत म्हटल्यावर त्यात भ्यायचं काय राहील? हज्जाही यायला तयार झाली. शत्रूचं घर एकदा आतून बघून घ्यावं, असा तिचा विचार होता. संगतीला तिने रिफअतला घेतलं आणि त्याच्या गळ्यात नजर लागू नये म्हणून निळा मणी बांधला. सौसनही नाइलाजाने गेली.

मास्तरांनी आपल्याकडून सगळी काळजी घेतली. लाल शाई घरी ठेवली. इस्त्रीचा सदरा घातला. आज सरळ, सभ्य, शाळेतल्या कित्त्यासारख्या ओळी काढायच्या असं मनाशी पक्कं केलं. पण गोदामाचं कुणी काय करावं? तिथे उंदरांचा वास येत होता, म्हणून युस्राने चारी कोपऱ्यांत ऊद जाळला होता. वीज अर्धीच होती, म्हणून जमिनीवर एकच दिवा. त्याच्या उजेडात पसरलेला लांबच लांब पांढरा कागद, आणि कागदाशी अनवाणी, मांडी घालून बसलेले मास्तर. हज्जाने आत पाऊल ठेवलं आणि मुलाचा हात घट्ट धरला.

युस्राने त्या दिवशी नेमका नवा प्रकार काढला होता. आधी पुष्कळ बायकांचे नुसते श्वास. मग लोखंडी साखळ्या ओढल्याचा आवाज. मग लांबून कुणीतरी कण्हतंय असं काहीतरी. ते बोटीचं दोरखंड होतं, पण ते हज्जाला कोण सांगणार?

पहिल्या दोन ओळी मास्तरांनी अगदी गुणी मुलासारख्या काढल्या. साखळ्या सुरू झाल्या तसा त्यांचा खांदा हलायला लागला. कण्हणं आलं आणि गडी हातचा गेला. डोळे मिटले, मान गरागरा फिरायला लागली, ओठ पुटपुटायला लागले, हात कागदावर असा धावायला लागला की मधेच दौत लवंडली तरी त्यांना पत्ता नाही. हात कोपरापर्यंत काळे झाले. अंगात येणारी माणसं हज्जाने तरुणपणी पाहिली होती, पण ती निदान ढोल वाजत असेपर्यंतच घुमायची. इथे युस्राने यंत्र बंद केलं तरी मास्तर थोडा वेळ लिहीतच होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हज्जा तोवर बाहेर पडली होती.

मास्तर तसेच अनवाणी तिच्यामागे धावले. ट्रामच्या थांब्यावर हज्जा बाकावर बसली होती. एका बाजूला रिफअत, दुसऱ्या बाजूला सौसन, आणि सौसनचे डोळे भरलेले. ते बघून मास्तरांना आपल्या काळ्या हातांची शिसारी आली. आज रात्री सगळे कागद समुद्रात टाकायचे, असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

"हज्जा, माझं चुकलं," ते धापा टाकत म्हणाले. "मला काय शिक्षा द्यायची ती द्या. तिला नका देऊ. तिचा यात काही दोष नाही."

हज्जाने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "हे असं रोज करतोस?"

"जवळपास रोज."

"कुणावर?"

"कुणावरच नाही. नुसतं आपलं करतो."

"नुसतंच," हज्जा स्वतःशी म्हणाली आणि रुळांकडे बघत बसली. ट्राम आली, गेली. तिच्या डोक्यात काय चाललंय ते कुणाला कळेना. सौसनने डोक्यावरच्या रुमालाचं टोक पिळून पिळून त्याचं पार दोरखंड केलं.

"लग्न याच महिन्यात उरकू," हज्जा म्हणाली.

कुणाचाच विश्वास बसेना. रिफअतने त्या दिवसाचं चौथं वाक्य खर्चून विचारलं, "आई, असं एकदम?"

"मग काय करू? हा माणूस हौसेखातर नुसतं लिहितो तर एवढं होतं. उद्या रागावून कुणावर लिहिलं म्हणजे? असल्या माणसाला वैरी करून बाहेर ठेवत नसतात, बाबा. सोयरा करून घरात घेतात." मग ती मास्तरांकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणि माझ्या थोरलीसाठी एक लिहून दे. फार उलट बोलते."

मास्तरांचं तोंड उघडलं. याला अर्थ नसतो, कधीच नव्हता, हे वाक्य अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी सौसनकडे बघितलं. ती रुमालाचं टोक धरून त्यांच्याकडेच बघत होती. मास्तरांनी विचारलं, "थोरलीचं नाव काय म्हणालात?"

पण आवाजाशिवाय त्यांचा हात चालेना. तसं त्यांनी सांगितल्यावर हज्जा म्हणाली, त्यात काय, मी बोलते, तू लिही. एका दुपारी ती मास्तरांसमोर बसली आणि नवालविषयी जे जे मनात होतं ते सांगत सुटली. वांगी, पडदे, आजारपणात न केलेली विचारपूस, पहिल्या नातवाचं नाव परस्पर ठेवलं ते. मधेच रडली, मग पुन्हा बोलली. मास्तर तिच्या आवाजामागून लिहीत राहिले. उठताना हज्जा म्हणाली, छातीवरचं ओझं उतरलं बघ, तुझ्या हाताला गुण आहे.

लग्न झकास झालं. सौसन नवऱ्याच्या हाताला धरून अशी हसत होती की मास्तरांनी दोनदा चष्मा पुसला. जेवणाच्या वेळी मात्र एक आक्रीत घडलं. नवाल आपणहून उठली, सासूच्या पाठीशी उशी ठेवली आणि म्हणाली, "आई, तुम्ही आधी जेवा." हज्जाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळी पंगत चमच्यांसकट थबकली. हज्जाने लांबूनच मास्तरांकडे बघून मान डोलावली, आणि मास्तरांच्या घशात भात अडकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं होतं. मास्तरांनी स्वतःच चहा केला आणि तो प्यायचा विसरले. थोडा वेळ खिडकीशी उभे राहिले, थोडा वेळ खुर्चीत बसले, पुन्हा उठले. शेवटी दाराला कडी लावून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला, सगळ्यात वरचा कागद टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि उजवीकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवून, एकेक गाठ सोडवत, हळूहळू वाचायला सुरुवात केली.