हिरव्या टेबलावरची एक्केचाळिसावी बैठक

कोणताही खेळ खेळणाऱ्यांमुळे टिकत नाही, त्यावर भांडणाऱ्यांमुळे टिकतो. आता पूल म्हणजे काय, तर हिरव्या टेबलावर क्यू नावाच्या काठीने बॉल ढकलून पॉकेटात पाडायचे. हे कुणीही करील. पण आजवरचा सर्वांगीण श्रेष्ठ पूल खेळाडू कोण, हे ठरवायला जबाबदार माणसं लागतात.

अशी अकरा माणसं गल्लीतल्या क्लबात दर रविवारी चार ते पाच बसत. (पैकी आठ जणांनी क्यू कधी हातात धरलेला नव्हता. दोघांनी धरला होता, तो जळमटं काढायला.) कागदपत्रं टेबलावरच पसरलेली असल्यामुळे खेळ कित्येक महिने तहकूब होता.

अकरावी सभासद म्हणजे ती. कॉलेजात ती बरी खेळायची. आता घरी दहा महिन्यांची लेक होती आणि आठवड्यातला एक तास सासूबाईंनी मंजूर केला होता. त्या तासात तिला फक्त एक डाव खेळायचा होता. हात अजून आपला राहिलाय का, एवढंच बघायचं होतं. तिने पहिल्याच रविवारी तसं सांगितलं.

"खेळ की पोरी!" अध्यक्ष, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, मायेने म्हणाले. "आधी एवढा निकाल लागू दे."

निकाल 'म्हातारा' आणि 'डावखुरा' या दोन नामांकित खेळाडूंत अडला होता. म्हातारा सगळ्या प्रकारांत चांगला, डावखुरा एकाच प्रकारात अफाट. निकष सतरा. ती गप्पच बसणार होती. पण सभासदांपैकी दंतवैद्य डावखुऱ्याच्या बाजूने इतकं धडधडीत चुकीचं बोलले, की तिला राहवेना. अठरावा निकष (दडपणाखालील स्थैर्य, उपनिकष तीन) तिचाच. तो मांडताना ती दर सहा मिनिटांनी घरी फोन करत होती.

"अगं, श्वास घेतेय ती," सासूबाई म्हणाल्या. "तूही घे जरा."

एक्केचाळिसाव्या बैठकीत दंतवैद्यांचा संयम संपला. "नुसतं बोलून काय उपयोग? म्हाताऱ्याचा तो गाजलेला फिरकीचा फटका इथे मारून दाखवा. बॉल पडला, तर म्हातारा मान्य!"

कागद उचलले गेले. खालून हिरवं कापड निघालं (चहाचे डाग वगळून). दंतवैद्यांनी बॉल मांडले आणि क्यू तिच्या हातात दिला. अजून बावीस मिनिटं होती.

ती वाकली. बोटांवरून क्यू सरकला, अगदी पूर्वीसारखा. आणि तेवढ्यात तिला दिसलं, की पांढरा बॉल दोन बोटं डावीकडे आहे.

"हरकत!" ती ताठ उभी राहिली. "मूळ फटक्यात बॉल इथे नव्हताच."

"होता!"

"नव्हता! काढा कागद."

कागद पुन्हा पसरले. बावीस मिनिटं तिथेच गेली, फोन करायचाही राहिला. तिचं भाषण क्लबाच्या इतिहासातलं सर्वोत्कृष्ट ठरलं (सहा विरुद्ध पाच, सहावं मत तिचं). घरी ती बक्षीस मिळाल्यासारखी आली.

"खेळलीस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"छे! पण आई, बॉल डावीकडे नव्हता म्हणजे नव्हता."

बॉल नेमका कुठे होता, याचा नकाशा इतिवृत्ताला जोडपत्र नऊ म्हणून लावलेला आहे. तो पाहिल्याशिवाय दंतवैद्यांना दोष देणं बरं नव्हे, असं आपल्यालाही वाटत असेल, तर रविवारी जरूर या. बारावे सभासद म्हणून आपली निवड झालेलीच आहे.