सिंकखालची काळी रेघ

सैलरावांनी सिंकखालचा नट स्वतःच्या हाताने बसवायचं ठरवलं, ते काही पाणी वाचवायला नव्हे. खुर्ची वाचवायला.

आधी खुर्चीचं सांगतो. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक आरामखुर्ची होती. ऑफिसातून आले की सैलराव तिच्यात अंग टाकत आणि जेवायची हाक येईपर्यंत त्या खुर्चीचाच एक अवयव होऊन राहत. (ऑफिसातही ते फार वेगळं काही करत नसत, पण तिथे खुर्ची कडक होती.) अशात सासरेबुवा दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि पहिल्याच संध्याकाळी त्या खुर्चीत बसले. मग दोन दिवसांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. सासरेबुवा उठत नसत असं नाही. जेवायला उठत, अंघोळीला उठत. पण उठताना चष्मा खुर्चीवर ठेवून जात. सासऱ्याच्या चष्म्यावर बसणारा जावई अजून जन्माला यायचा आहे. सैलराव बापडे स्टुलावर बसू लागले.

सैलराव हे नाव सासरेबुवांनीच ठेवलेलं. खरं नाव कागदोपत्री आहे, ते तिथेच राहू दे. जावयाने आवळलेली वस्तू घरात टिकली म्हणून नव्हती. कढईचा दांडा गोल फिरे. न्हाणीघराची कडी आतल्या माणसाने शिंक दिली तरी पडे, म्हणून आत गेलेला माणूस गाणं म्हणे. आणि ज्या स्टुलावर आता ते बसत होते, त्याचा एक पाय येणाऱ्या-जाणाऱ्याला मान डोलावल्यासारखा हले. तो पायही त्यांनीच बसवलेला होता.

सासरेबुवांची जात वेगळी. सगळी उमर कारखान्यात लोखंडी पाइप जोडण्यात गेलेली. हात असे, की त्यांनी शेकहँड केलेला माणूस दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने सही करी. काळीभोर मिशी, ताठ मान, आणि प्लास्टिकबद्दल एकच मत: ते खेळण्यांना ठीक आहे.

तर सिंकखाली पाणी ठिबकत होतं. नळाला खालून येणारा पाइप जिथे जोडतात तिथला पांढरा प्लास्टिकचा नट जुना झाला होता. सासरेबुवांनी चष्मा पुसता पुसता जाहीर केलं, की लेकीच्या घरी पाणी गळत असताना बापाने निघून जाणं बरं दिसत नाही. गळती थांबली की ते निघणार. पण जावईबापूंनी हात लावला आणि पुन्हा गळलं, तर मात्र घरातला प्लास्टिकचा तुकडा अन् तुकडा उपटून ते सगळीकडे लोखंडी पाइप टाकून देणार.

"त्याला वेळ लागेल ना, अण्णा?" बायकोने विचारलं.

"लागू दे की. मला कुठे काय काम आहे?" असं म्हणून सासरेबुवा खुर्चीत जरा खाली सरकले.

सैलरावांनी त्याच क्षणी चपला घातल्या.

हार्डवेअरचा दुकानदार बादल्यांच्या उतरंडीत बसून चहा पीत होता. त्याने नट काढून दिला आणि सहज विचारलं, बसवणार कोण? सैलराव म्हणाले, मी. दुकानदाराने नट परत घेतला. गिऱ्हाईक बघून तो माल देत असे. मग त्याने बशी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली, की प्लास्टिकचा माल वैरी मोडत नाहीत, माया करणारे मोडतात. आधी आटे सरळ धरायचे. तिरके बसतायत असं वाटलं की जोर करायचा नाही, उलटं फिरवून पुन्हा धरायचं. पांढरी टेप दोन वेढे, बाळंतिणीचं डोकं बांधल्यासारखी नाही. हाताने फिरेल तेवढं फिरवायचं, हात थांबला की पान्याने जेमतेम पाव फेरा, आणि मग पाना दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचा.

"लोखंड मोडायच्या आधी ओरडतं," तो म्हणाला. "प्लास्टिक मुकं असतं. तुम्ही आवळता, ते गप्प सोसतं. मग तुम्ही चांगले कपडे घालून उभे असता तेव्हा फुटतं."

शेवटी नट परत देताना त्याने एक युक्ती सांगितली. नट बसला की नटावरून खालच्या पाइपवर सरळ काळी रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात. कुणी हात लावला की लगेच कळतं. सैलरावांना ही रेघ फार आवडली. नट त्यांना बसवावा लागणार होता, रेघ मात्र त्यांना ओढायचीच होती. ऑफिसात त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं.

रविवारी सकाळी सैलराव सिंकखालच्या कपाटात डोकं घालून आडवे झाले. घरची मंडळी बाहेर राहिलेल्या पायांशी बोलत उभी राहिली. बायको पायांना म्हणाली, अहो, अजूनही प्लंबरला बोलवू या. कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, बाबा, मोबाइल बाहेर काढून ठेवा, तुमचं काही झालं तरी तो ओला व्हायला नको. सासरेबुवा फक्त पावलं बघून हसत होते.

आणि इथे एक अघटित घडलं. सैलरावांनी सगळं बरोबर केलं. आटे सरळ धरले, टेपचे दोनच वेढे दिले, हाताने फिरवलं, पान्याने पाव फेरा दिला, पाना पलंगाखाली नेऊन टाकला. मग ऑफिसातून आणलेल्या जाड मार्करने नटावरून पाइपवर रेघ ओढली. नळ सोडला. खाली वर्तमानपत्र धरलं. ते वाचता येईल इतकं कोरडं राहिलं.

सैलराव उभे राहिले, मार्करचं टोपण लावून तो खिशाला अडकवला आणि सगळ्यांना सांगितलं, की ही रेघ म्हणजे त्यांची सही आहे. केसभर जरी सरकली, तरी घरात चौकशी बसेल. मग पाहुणा असो की घरचा, नावानिशी विचारण्यात येईल.

"मंगळवार संध्याकाळपर्यंत कोरडं राहिलं तर मी निघतो," सासरेबुवा म्हणाले. त्यांनी पिशवी मात्र काढली नाही.

एखाद्या माणसावर घरच्यांचा विश्वास नसला की घर कसं वागतं, ते सोमवारी बघण्यासारखं होतं. लेकीने आपणहून कपबश्या विसळल्या. ती गोष्ट त्या घरात पूर्वी घडलेली नव्हती. त्याच्याही आधी बायको भाजी चिरायला म्हणून गेली आणि बराच वेळ आत राहिली, भाजी मात्र बाहेरच्या टेबलावर तशीच होती. दुपारी सगळे आडवे झाले असताना सासरेबुवा उठून आत जाऊन आले, तेही चष्मा डोळ्यांवर घालून. सैलराव त्या दिवशी रजेवर होते. (रेघेच्या देखरेखीसाठी. अर्जात त्यांनी पोटदुखी लिहिली होती.) त्यांना वाटलं, घरात कामाची कदर सुरू झाली, लोक आवर्जून बघायला जातायत. ते दर तासाने बॅटरी घेऊन कपाटात वाकत. रेघ सरळ. नटावरची पाइपवरच्या रेघेला भिडलेली. कोरडं ठणठणीत. एकदा ते त्या नटाला हळूच "शाबास" म्हणाले. बायकोने ते ऐकलं.

मंगळवारी संध्याकाळी सासरेबुवांची पिशवी दाराशी आली. गाडी खाली उभी राहिली. सासऱ्याला निरोप द्यायचा म्हणून सैलरावांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला. खाली निघण्याआधी सैलराव "एक नजर टाकून येतो" म्हणून स्वयंपाकघरात गेले. नजर टाकायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ लागला. हात पुसत बाहेर आले, तेव्हा चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं फक्त लहान बाळाच्या आणि पेन्शन मंजूर झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतं.

सासरेबुवा खुर्चीतून उठले. चष्मा खिशात ठेवला. सैलरावांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला.

"जरा पाणी दे गं," सासरेबुवा लेकीला म्हणाले.

बायकोने नळाखाली पेला धरला, भरला, नळ बंद केला. कुणी कडाकड बोटं मोडावीत तसा आतून आवाज आला. मग सिंकखालच्या कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि बटाटे एकामागून एक पोहत बाहेर आले.

पाण्याची मुख्य चावी कुठे आहे ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासरेबुवांना होतं. त्यांनी ती बंद केली, गाडीवाल्याला परत पाठवलं, पिशवी आत नेली आणि खुर्चीत बसले. या वेळी त्यांनी चप्पलही काढली.

फरशी पुसून झाल्यावर चौकशी बसली. दोन ठिकाणी तडकलेला नट बशीत घालून टेबलावर ठेवला होता. एकेकाळी ज्या बशीत बिस्किटं येत, तीच ती. सैलराव उभे होते, बाकी सगळे बसले होते. त्यांनी नट दिव्याखाली धरला आणि त्यांचा चेहरा बदलला.

नटावर एक रेघ नव्हती. एकीशेजारी एक अशा पाच रेघा होत्या.

कपाटातल्या अंधारात समोरची तेवढी दिसे. बाकीच्या फिरून बाजूला गेलेल्या. म्हणजे कुणीतरी नट आवळला होता, रेघ सरकली होती, आणि सरकलेली कळू नये म्हणून पाइपवरच्या रेघेसमोर नवी रेघ ओढली होती. मग दुसऱ्या कुणीतरी तेच केलं होतं. सैलराव इतके दुखावले, की आवाज एकदम ऑफिसातल्या साहेबासारखा निघाला. ते म्हणाले, की पहिली रेघ त्यांची, मार्करची. दुसरीवर त्यांनी बोट फिरवलं तर बोटाला काळं लागलं. हे काजळ. घरात काजळ कोण घालतं?

"अहो, अण्णांसमोर तुमचं हसं व्हायला नको म्हणून," बायको म्हणाली. "थोडंसंच आवळलं."

तिसरी रेघ चकचकीत. ते नेलपॉलिश होतं, आणि काळं. हे काळं नेलपॉलिश आईने फेकून द्यायला सांगितलेलं होतं आणि लेकीने फेकल्याचं शपथेवर सांगितलेलं होतं. लेक म्हणाली, आजोबा तिच्या खोलीत झोपतात आणि घोरतात. नट टिकला असता तर खोली मिळाली असती. तिने त्यासाठी कपबश्यासुद्धा विसळल्या होत्या.

चौथी रेघ तपकिरी छटेची, प्लास्टिकमध्ये मुरलेली, पुसून न जाणारी. सैलराव ती नाकाशी नेऊन थांबले. मग त्यांनी सावकाश सासरेबुवांच्या मिशीकडे पाहिलं. हळूहळू सगळ्यांनीच पाहिलं. इतकी वर्षं ती मिशी काळीभोर होती, आणि तूप-लोणी खाल्लं की केस असे राहतात, असं ते सगळ्यांना सांगत आले होते.

"कारकुनाने आवळलेला नट घरात आहे म्हटल्यावर मला झोप येईना," सासरेबुवा म्हणाले. मिशीबद्दल ते काही बोलले नाहीत.

सैलराव आता रंगात आले. त्यांनी छाती पुढे काढली. ते म्हणाले, की दुकानदार बरोबर सांगत होता, प्लास्टिक माया करणारेच मोडतात. या घरात एकच माणूस असा निघाला, ज्याने आपल्या कामावर विश्वास ठेवून हात आवरला. इतरांनी त्यातून काही शिकावं. ते हे बराच वेळ म्हणत होते. तिघंही अगदी लक्षपूर्वक त्यांच्या छातीकडे बघत होते.

सासरेबुवांनी बशीतला नट उचलला आणि पाचवी रेघ बोटाने दाखवली. "फुटला तेव्हा ही समोर होती. म्हणजे शेवटचा फेरा हिच्या मालकाचा." मग नट खाली ठेवत ते म्हणाले, "जावईबापू, शर्ट बघा."

सैलरावांनी मान खाली घातली. ठेवणीतल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर वाटीएवढा काळा डाग होता आणि तो अजून पसरत होता. घाईघाईत खिशात खोचलेल्या मार्करला टोपण नव्हतं. टोपण लेकीने नंतर सिंकखालच्या कपाटातून काढलं. त्याच्याशेजारीच पाना सापडला.

"जाताना तरी बरं वाटावं म्हणून," सैलराव म्हणाले. बायकोने त्यांना बसायला स्टूल पुढे केलं. त्याच्या पायाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवांनी लोखंडी पाइपांची मापं घ्यायला सुरुवात केली. काम बारकाईचं आहे, ते घाई करत नाहीत. मधूनच अंघोळीला किंवा पाय मोकळे करायला उठतात, पण आता चष्मा खुर्चीवर ठेवत नाहीत. त्याची गरज उरलेली नाही. खुर्चीच्या चारही पायांना लागून त्यांनी फरशीवर रेघा ओढून ठेवल्या आहेत, म्हणजे ती केसभर जरी सरकली तरी कळावं. रेघा तपकिरी छटेच्या आहेत. सैलरावांनी एकदा ओलं फडकं घेऊन घासून बघितलं. जात नाहीत.