दोनवाली की चारवाली?

"जावईबापू, तुम्ही बोट ठेवाल ती बोट आपली!" असं सासऱ्यांनी भर धक्क्यावर जाहीर केलं आणि जावयाने दोन्ही हात पटकन पाठीमागे घेतले.

धक्क्याला दोन जुन्या जेटबोटी बांधल्या होत्या. निळीचं इंजिन टू-स्ट्रोक, पांढरीचं फोर-स्ट्रोक. कोणती घ्यायची ते जावई सांगणार होता, कारण सासरी तो 'इंजिनियर' होता. खरं तर तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचा, आणि हे सासरीही ठाऊक होतं. पण बारा वर्षांपूर्वी सासूबाईंचा बंद पडलेला मिक्सर त्याने उघडला होता, काही कळेना म्हणून घाईघाईने पुन्हा जोडला होता, आणि मिक्सर सुरू झाला होता. तेव्हापासून त्या घरात गीझर गळला तरी यालाच फोन यायचा. हा "हं, बघतो" म्हणायचा आणि आपला हाताखालचा माणूस म्हणून दुकानाशेजारच्या मेकॅनिकला पाठवायचा. पण मेकॅनिक बोटीपर्यंत कसा पाठवणार?

तीन दिवस त्याने मोबाइलवर अभ्यास केला होता. धूर कोणाचा, वजन कोणाचं, तेल कोण पितं... लग्नघरातल्या पाहुण्यांसारखी सगळी मंडळी चेहऱ्याने ओळखीची, पण कोण कोणाचं ते ऐन वेळी आठवेना. शेजारी सासरे एकावर एक दोन लाइफजॅकेट घालून उभे होते. हौस दांडगी, असं जावयाला वाटलं.

बोटवाल्याने निळीचं झाकण उघडलं. जावई हात मागे बांधून वाकला आणि त्याच्याकडे होती ती एकमेव नजर त्याने इंजिनावर रोखली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघायची.

"हं," तो म्हणाला.

दुकानात या 'हं'वर भलेभले लोक आपण आडवे पडून वाचतो हे कबूल करत. बोटवाल्याचंही तेच झालं.

"आलं ना लक्षात?" तो कान खाजवत म्हणाला. "धूर जरा जास्त सोडते. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं."

"हं."

"बरं बाबा, गेल्या वर्षी पिस्टनही बदललाय! पण हलकी आहे, पळते हरणासारखी."

पांढरीजवळ पुन्हा "हं" झालं.

"जड आहे, मान्य. उचल कमी. पण आवाज नाही, पेट्रोल कमी खाते, तेलाची सोय वेगळी."

"मला काही कळत नाही हो," सासूबाई पर्स सावरत पुढे आल्या, "पण हे तेल म्हणजे नेमकं..."

"अगं, इंजिनियर असताना तू कशाला मध्ये?" सासरे म्हणाले. "हं, बोला जावईबापू. दोनवाली की चारवाली?"

"चालवल्याशिवाय कसं सांगणार?" जावई म्हणाला. तेवढाच वेळ निघेल, आणि बोट काय, बोटवालाच चालवणार.

बोटवाल्याने निळीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "तुमच्यासारख्या जाणकाराशेजारी मी बसून काय करू? फक्त एक लक्षात असू द्या. जेट आहे. गॅस सोडलात की..."

"त्यांना शिकवता?" सासरे गरजले आणि धडपडत बोटीत चढले.

बोट खरंच हरणासारखी सुटली. वाऱ्याने जावयाचा चष्मा कपाळावर गेला, आणि तो खाली आला तेव्हा समोर पाणवेलींचा हिरवागार गालिचा होता. घाबरलेला शहाणा माणूस जे करतो तेच जावयाने केलं. पाय उचलून गॅस सोडला आणि चाक गरगर फिरवलं. चाक वळलं, बोट वळली नाही. जेटबोट मागे फेकलेल्या पाण्याच्या जोरावर वळते. गॅस सोडला की जोर संपला आणि वळणंही संपलं. हे बोटवाल्याच्या वाक्याचं उरलेलं अर्धं होतं. बोट सरळ वेलींत घुसली, गांगरून जावयाने पुन्हा गॅस दिला, इंजिनाने खालून पाण्याबरोबर घोसच्या घोस ओढून घेतले, एक ढेकर दिला आणि ते गप्प झालं.

निळा धूर विरला. सासरे दोन्ही हातांनी बाक धरून, डोळे मिटून बसले होते.

"बाबा," जावई म्हणाला, "मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. तो मिक्सरही आपोआपच सुरू झाला होता."

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "म्हणजे या दोन्ही बोटी खराब आहेत, हे तुम्ही सांगणार नाही?"

"खराब?"

"अहो, त्यासाठी तर तुम्हाला आणलं! चाळीस वर्षं घरात मिरवलं, निवृत्त झालो की बोट घेणार. गेल्या महिन्यात झालो निवृत्त, तर ही म्हणते, चला घेऊ. मला पोहता येत नाही हो! पाणीपट्टी खात्यात जन्म गेला, पण पाणी कागदावरचं. म्हटलं, तुम्ही चिकित्सक माणूस, दोन्हींत खोट काढाल आणि माझी अब्रू राहील."

जावयाच्या छातीवरचा धोंडा उतरला. "मग काढतो की! दोन्ही भंगार."

"शाब्बास!" सासऱ्यांनी बाकावरचा एक हात मोठ्या धाडसाने सोडून त्याच्या हातात दिला.

एवढ्यात मागून हलकी घरघर ऐकू आली. वेलींना सुरेख वळसा घालून पांढरी बोट आली आणि चार हातांवर थांबली. चाकावर सासूबाई होत्या. बोटवाला मागच्या बाकावर दोर घेऊन निवांत बसला होता.

"वळताना गॅस सोडायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी विचारलं, या बोटवाल्यांनी सांगितलं. तुम्ही विचारलं नाहीत का?"

"आई, या दोन्ही बोटींत..." जावयाने सुरुवात केली.

"निळी नकोच. तिच्यात दर वेळी तेल मापाने मिसळायचं. यांनी चाळीस वर्षांत बरणीत तेल कधी न सांडता ओतलंय? ही पांढरी ठरवून टाकली मी. बरोबर ना, इंजिनियर?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. तक्त्यावरची शेवटची ओळ न दिसणारं गिऱ्हाईक असंच बघतं. एकीकडे सासऱ्यांची अब्रू, दुसरीकडे स्वतःची, बारा वर्षं जपलेली. जावई वाकला. पांढरीकडे त्याने बराच वेळ रोखून पाहिलं.

"हं," तो म्हणाला.

"झालं! इंजिनियरांनी पास केली," सासूबाई म्हणाल्या आणि बोटवाल्याकडचा दोर त्यांनी नवऱ्याकडे फेकला. "धरा घट्ट. उद्या सकाळी सातला आपण दोघं पलीकडच्या काठापर्यंत जायचं."

दोर छातीशी कवटाळून सासरे जावयाच्या कानाशी आले.

"जावईबापू," ते पुटपुटले, "निदान मला लांबचं दिसत नाही, एवढं तरी लिहून द्या!"