थोरलीची बैठक

दत्तूमामांसमोर धाकटीचं कौतुक करायचं नाही, हा आमच्या गल्लीतला अलिखित नियम होता. धाकटी म्हणजे मुलगी नव्हे, मोटार. मामा ज्या सरकारांकडे ड्रायव्हर होते, त्यांच्या गॅरेजात अमेरिकेहून आलेल्या दोन मस्टँग होत्या. लांब बॉनेटची जुनी ती थोरली आणि बऱ्याच वर्षांनी आलेली आटोपशीर नवी ती धाकटी. उभ्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडे अशी जोडी नव्हती, त्यामुळे मामांशी वाद घालायला कुणी लायकच नव्हतं.

तरी ते वाद उकरून काढत. मी शाळेला निघालो की सायकलचं हँडल धरून उभे. "मास्तर, खरं सांगा. चाल कुणाची, थोरलीची का धाकटीची?" मी काहीही उत्तर दिलं तरी ते चूकच. एकदा वैतागून म्हटलं, "मामा, धाकटी किल्ली फिरवली की सुरू होते. थोरली ढकलावी लागते, वर पेट्रोल हंड्यानं पिते."

"ढकलली तर काय झिजतंय तुमचं? बैठक बगा की, बैठक!"

झालं! शेवट नेहमी बैठकीवर. थोरलीत पुढं बाकासारखी सलग सीट होती, धाकटीत दोन सुट्या खुर्च्या. एवढ्यासाठी माणसानं माझा पहिला तास बुडवावा?

पुढं माझ्या बहिणीचं, शालनचं लग्न ठरलं. सासर आजऱ्याचं. मामांच्या शब्दाखातर सरकारांनी पाठवणीला गाडी द्यायचं कबूल केलं. धाकटीच आणा, म्हणून मी मामांना अक्षरशः हात जोडले. "व्हय की," म्हणाले.

आणि आणली थोरली! तीही उशिरा, मागून तालमीतली पोरं ढकलतायत, मांडवभर धूर. वऱ्हाडी फिदीफिदी हसायला लागले. माझं डोकंच फिरलं. "मामा, आज तरी ऐकायचं होतं!"

मामांनी ढुंकूनही पाहिलं नाही. नवरदेव आणि त्याचा भाऊ, दोघांना त्यांनी पुढं आपल्या सीटवर घेतलं. नवरदेवाचं तोंड एवढंसं झालं. मग शालनला मागं बसवून हाक मारली, "पाठराखीण कोन हाय? या आत्याबाई, ऐसपैस बसा पोरीजवळ." आमची आत्या देहानं भरभक्कम, पण मागच्या सीटवर मावली. शालननं तिचा हात घट्ट धरला आणि तिचं रडं जरा थांबलं.

मी धुसफुसतच होतो. मामांनी मला बाजूला ओढलं. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"आमची सुमी धाकटीतनं गेली, मास्तर. जावई तिच्याशेजारी, दीर पुढं. पाठराखनीला जागाच न्हाय. मावशी निघालती तिच्यासंगं, तिला उतरवली. शाहूवाडीपातूर पोरगी मागं हुंदकं देत हुती, अन् मी स्टेरिंगवर. गाडी थांबवून जवळ घ्यावं, तर पावणं काय म्हनतील? बाप न्हवं, ड्रायवर हुतो मी. आरशातनं बगत गेलतो."

मला गलबलून आलं.

मामा वळून सीटवर जाऊन बसले आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "ढकला की, मास्तर!"

मी नवा कोट काढून मांडवाच्या खांबाला अडकवला आणि तालमीतल्या पोरांशेजारी उभा राहून थोरलीच्या पाठीला दोन्ही हात लावले.