दुसरी काढून टाका!

"नातीचा पाळणा मीच रचणार! त्यात काय येवढं? तव्यावर भाकरी टाकायची, ती फुगायच्या आत पाळणा तयार!"

मार्गासनीच्या ठकुबाईंनी असं जाहीर केलं, आणि घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. हळद असो, डोहाळजेवण असो, बारसं असो, ठकुबाईंचं गाणं ठरलेलंच. एका नवरदेवाच्या मामाचं पोट बघून त्यांनी उभ्या-उभ्या रचलेलं गाणं त्या मामाच्या गावात अजून म्हणतात. मामा बिचारे तेव्हापासून कुठल्या लग्नाला जात नाहीत!

पण धाकटी सून कोमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी, हायवेवरच्या शिवऱ्याला गेलेली. तिचा फोन आला. लाजत लाजत म्हणाली, "आत्या, माझी आई बी रचती बरं का. तुमी दोघींनी मिळून पाळणा केला तर?"

दोघींनी मिळून! ठकुबाईंनी जन्मात पापड सोडले तर दुसऱ्या कुणासंगं मिळून काही केलं नव्हतं. पण बाळंतिणीला नाही कसं म्हणायचं?

"करू की," त्या म्हणाल्या. पण तोंड असं केलं, जणू कुणी न विचारता ताटात कारल्याची भाजी वाढलीय.

ठरलं असं, की पहिली ओळ ठकुबाईंनी रचायची, दुसरी विहीणबाईंनी, म्हणजे कोमलच्या आईनं, फुलाबाईंनी. ओळ सुचली की मोबाईलवर बोलून पाठवायची. ठकुबाईंना वाचता येत नव्हतं, पण धाकट्या गोरखनं त्यांना फोटो ओळखून बटण दाबायला शिकवलं होतं. बाळाचा फोटो दिसला की ती फुलाबाई!

पहिली ओळ तर झोकात गेली :

गुंजवणीच्या काठी गं, वारा येतो हळू...

दुपारपर्यंत शिवऱ्याहून दुसरी आली :

हायवेवरनं गाड्या जाती भरभरून रातदिस तरी झोपती माझी बाळू!

ठकुबाई तेव्हा म्हशीला पेंड घालत होत्या. त्यांनी ओळ ऐकली. पुन्हा ऐकली. पाळण्यात हायवे? अन् केवढी लांब ओळ! म्हणता म्हणता बाळ शाळेत जायचं! पण विहिणीला दुखवायचं तरी कसं? म्हणून त्यांनी मोठ्या मायेनं, आवाजात साखर घोळवून बटण दाबलं.

"विहीणबाई, राग मानू नका. पयली झ्याक हाय. पण दुसरी काय मला पसंत न्हाई. तिच्याशी जमंना. दुसरी काढून टाका. तिच्या जागी तुमी म्हणाल तशी नवी आणू!"

नेमका घोटाळा इथंच झाला. त्याच सकाळी थोरली सून रत्ना हिनं घरच्या ग्रुपवरही बाळाचाच फोटो लावला होता. ठकुबाईंनी फोटो बघितला, बटण दाबलं, आणि साखरेत घोळलेला तो निरोप सगळ्या घरादाराच्या मोबाईलात जाऊन पडला.

पहिली खबर लागली ती रत्नाला. 'पयली झ्याक हाय'! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूच्या तोंडून असा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. डोळे पुसत ती चुलीपाशी गेली आणि आल्याचा चहा घेऊन गोठ्यात हजर झाली.

"आत्या, चहा घ्या. रातच्याला पुरणाची पोळी करू का?"

"आज कंचा सण हाय गं?"

"माझ्यासाठी सणच हाय, आत्या!" असं म्हणून ती सासूच्या चक्क पाया पडली. म्हशीनं सुद्धा मान वळवून बघितलं.

तिकडे शिवऱ्यात मात्र कोमलनं बाळाला पाजता पाजता निरोप ऐकला. दुसरी सून म्हणजे तीच की! फुलाबाई मोबाईल घरी ठेवून रानात गेलेल्या, समजवायला कोणी नाही. कोमलनं नवऱ्याला फोन लावला, पण हुंदक्यांपुढे शब्दच फुटेना. गोरख नसरापूरला टेम्पोत माल भरत होता. त्याला एवढंच कळलं, "आत्या मला काढून टाकणार... नवी आणणार... आन ते बी माझ्याच आईला सांगत्यात, नवी तुमीच आणा म्हणून!"

गोरखनं टेम्पो तसाच शिवऱ्याकडे पिटाळला. तिथं सासरे रायबा दारातच उभे. जन्मात कुणाला अरे-तुरे न केलेला माणूस, पण आज मिशी थरथरत होती. "चला जावईबापू. इचारूनच येऊ."

दोघं मार्गासनीत उतरले, तेव्हा ठकुबाई ओसरीवर बसून नवी ओळ जुळवत होत्या.

"या इवाई! बरं झालं आलात. विहीणबाईंस्नी निरोप पोचला का?"

"पोचला," रायबा म्हणाले. "आमच्या दुसरीत खोट काय हाय, तेवढं सांगा."

विहिणीनं ओळीसाठी नवऱ्याला भांडायला पाठवलं? ठकुबाईंना नवल वाटलं. पण माणूस विचारतोय, तर सांगायला हवं.

"खोट म्हंजे... जरा लांबडी हाय. आन शेवटाला लंगडती."

"लंगडती? आमची लंगडती?"

"तुमाला सवयीनं कळत न्हाई, इवाई. पयली बघा कशी ठसक्यात चालती! दुसरी आपली धापा टाकत मागनं येती."

रत्ना दारामागं लाजून चूर! गोरखचा चेहरा पांढराफटक!

"आन ती आल्यापासनं," ठकुबाई पुढे म्हणाल्या, "सारखा गाड्यांचा आवाज येतोय. शांतता म्हणून न्हाई."

"आये!" गोरख ओरडला. "आगं पोर झालंय आमाला!"

"म्हणून तर म्हणते, आत्ताच बदलू! आन मी काय फेकून देत न्हाई तिला. ठिवू की. दुसऱ्या कुणाच्या घरी उपेगी पडंल!"

रायबा खाली बसले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "विहीणबाई, लाडाची लेक वो माझी..."

"लेक?" ठकुबाईंनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "लेकीचं काय मधीच? मी वळीबद्दल बोलतीय! पाळण्याच्या दुसऱ्या वळीबद्दल!"

रत्ना दारामागनं हळूच म्हणाली, "म्हंजे पयली झ्याक... ती बी वळच व्हय?"

पण उत्तर द्यायला ठकुबाई होत्याच कुठं? त्या अनवाणी टेम्पोत जाऊन बसल्या होत्या. विंझर ते नसरापूर कुणाच्याही लग्नात तोंड चालवणारी बाई, पण आज सुनेला काय म्हणावं तेच सुचेना.

कोमल खाटेवर बसलेली. नाक लाल, डोळे सुजलेले. ठकुबाई दारातच थबकल्या. मग आत येऊन त्यांनी तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. आधीच नीट होतं, तरी पुन्हा नीट केलं.

"येडी गं येडी," त्या म्हणाल्या. "तुला काढीन मी? तू माहेरी आल्यापासनं घर खायाला उठतंय. वारा बी गेला न्हाई गं तुज्याबिगार अंगणातनं."

कोमलनं त्यांच्या कुशीत तोंड खुपसलं. तेवढ्यात रानातून फुलाबाई आल्या. हातात खुरपं. ओट्यावर रायबांकडून सगळं ऐकलेलं. त्या तरातरा आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"विहीणबाई! माझी वळ लंगडती म्हणालात?"

"लंगडतीच! आन पाळण्यात हायवे कशाला?"

"पोरगी जन्मली तवा पयला आवाज तिनं ट्रकच्या हारनचा आयकला! तुमची गुंजवणी काय बघाया आलती?"

आवाजानं पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. दोन्ही आज्या धावल्या. एकीनं दोरी इकडून धरली, दुसरीनं तिकडून, सोडेना कुणीच! भांडण चालू, ओढणं चालू. आणि बाळ गप्प झालं की! डोळे मिटायला लागलं.

कोमल रडता रडता हसली. "अगं, दोघी दोन्हीकडनं वढताय, म्हणून तर झुलतीय ती!"

दोघी थांबल्या. मग ठकुबाई पुटपुटल्या, फुलाबाईंनी मान डोलवत पुढचं जोडलं, मग ठकुबाईंनी त्यातला एक शब्द काढला, फुलाबाईंनी दुसरा घातला. दिवेलागणीपर्यंत खोलीत नुसती गुणगुण चालली होती.

बारशाच्या दिवशी शिवऱ्याचा मांडव बायांनी भरला. दोघी विहिणी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून गायल्या :

गुंजवणीच्या काठी गं, वारा येतो हळू,
हायवेच्या गाड्यांनो, गलका नका करू.
एक आजी वढी हिकडं, एक वढी तिकडं,
म्हणून तर झुलतो गं पाळणा दोन्हीकडं!

बायांनी पदर डोळ्यांना लावले. बाळाचं नाव शेफाली ठेवलं, पण तेही कुणाला नीट ऐकू गेलं नाही, असा गलका उडाला. "शेवटली वळ कुणाची गं?"

"विहीणबाईंची!" ठकुबाई म्हणाल्या.

"छ्या! ठकुबाईंची!" फुलाबाई म्हणाल्या.

परतताना टेम्पोत ठकुबाई रत्नाच्या कानाशी लागल्या. "वळ माझीच हाय गं. पण चारचौघांत विहिणीचं मन कशाला मोडा?"

त्याच वेळी शिवऱ्यात फुलाबाई लेकीला सांगत होत्या, "वळ खरं तर माझी. पण तुज्या सासूला तेवढाच आनंद."

"व्हय आई," कोमल म्हणाली, आणि बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिली.